बाईचा हात, भाऊचा आकडा

आमच्या घरी मुहूर्त पाळत नसत. दिशा, वास्तू, राहुकाळ, काहीच नाही. प्लॉटवर पहिली कुदळ मारायला बाबांनी रविवार धरला, तो ऑफिसला सुट्टी असते म्हणून. शेजारच्या प्लॉटवाल्या बाई मुद्दाम विचारायला आल्या, "दार कोण्या दिशेले ठेवून राह्यले भाऊ?" बाबा म्हणाले, "रस्ता ज्या दिशेले आहे, त्या दिशेले." बाई नाराज होऊन गेल्या. पण माणसाला काहीतरी मानायला लागतंच. माझे बाबा लिंटल मानत.

लिंटल म्हणजे दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून जाणारी सिमेंटची पट्टी. ती जमिनीपासून सात फुटांवर असते. दार सात फूट उंच, त्याचं डोकं लिंटलला टेकतं. खिडकी चार फूट उंच, तिचंही डोकं लिंटलला टेकतं, म्हणजे खिडकीचा खालचा काठ आपोआप तीन फुटांवर येतो. रुंदी तीन फूट. तीन बाय चार. बाबा सरकारी बांधकामाच्या ऑफिसात ट्रेसर होते. साहेबांनी पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक कापडावर शाईनं गिरवायचा, हे त्यांचं काम. दवाखाना असो, शाळा असो की कारकुनांचे क्वार्टर, खिडकी ठरलेली. वीस वर्षं त्यांनी तीच एक खिडकी गिरवली. चांद्याहून सिरोंच्यापर्यंत एसटीनं कुठंही निघालो की ते बाहेर बोट दाखवत, "ते पाह्य, माझी खिडकी." मी म्हणायची, "बाबा, खिडकी सरकारची आहे." ते म्हणत, "शाई माझी होती."

ऐंशी सालानंतर दोन-तीन वर्षांनी, चांद्याच्या परकोटाबाहेर नव्या ले-आउटमध्ये आमचं घर उभं राहायला लागलं. खिडक्यांवरून त्या घरात काही बोलाचाली होईल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि बोलाचालीची मला अतोनात हौस होती. आईला नव्हती. म्हणून तर गंमत.

आई शिवणकाम करायची. तिच्या लग्नात तिच्या भावानं, म्हणजे माझ्या मामाजींनी, तिला हातमशीन दिली होती. जमिनीवर ठेवायची, समोर मांडी घालून बसायचं, उजव्या हातानं चाक फिरवायचं आणि डाव्या हातानं कापड सरकवायचं. अख्ख्या कॉलनीतल्या बायांचे ब्लाउज आणि पोरींचे फ्रॉक त्या मशीनवरून गेले. आम्ही राहायचो त्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन खोल्या, दोन खिडक्या, आणि दोन्ही बाबांच्या, म्हणजे तीन फुटांवर. खुर्चीवर बसणाऱ्याला त्यातून झकास उजेड मिळे. जमिनीवर बसलेल्या आईच्या डोक्यावरून मात्र तो उजेड सरळ समोरच्या भिंतीवर जाई. भिंतीवरचं कॅलेंडर आमच्याइतकं स्पष्ट कुणाच्या घरी दिसत नसेल. सुईत दोरा ओवणाऱ्या आईच्या वाट्याला अंधार.

म्हणून ती दारात बसायची. उंबऱ्याला लागून मशीन, बाजूला कापडांचं गाठोडं. आणि दार म्हटलं की जाणं-येणं आलंच. बाबा ऑफिसला निघाले, "सरक." मी कॉलेजला निघाले, "आई, सरक ना." दूधवाला आला, सरक. आई चाक थांबवायची, कापड मांडीवर गोळा करायची, मशीन भिंतीकडं ढकलायची आणि माणूस गेला की परत ओढायची. कधी तक्रार केली नाही. मी दिवसातून दहा वेळा तरी तिला सरकवलं असेल, आणि दर वेळी वैतागून. आज आठवलं की स्वतःच्याच एक कानाखाली द्यावीशी वाटते. त्यात चाळिशी ओलांडल्यावर तिची नजर उतरायला लागली. दोरा ओवायला ती उंबऱ्याबाहेर, पायरीवर जाऊन बसायला लागली.

नव्या घराचा नकाशा बाबांनी स्वतः काढला, शाईत. एका रविवारी सकाळी तो जमिनीवर पसरून आम्हाला समजावून सांगत होते. हा हॉल, हे स्वयंपाकघर. मागच्या खोलीवर बोट ठेवून म्हणाले, "अन् इथी तुझी मशीन."

"खिडकी कुठी आहे?" आईनं विचारलं.

"हे काय. तीन बाय चार."

"जमिनीपासून किती?"

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. वीस वर्षांत त्यांना हा प्रश्न साहेबांनीसुद्धा विचारला नव्हता. म्हणाले, "तीन फूट. किती असते?"

"मले एका फुटावर पाह्यजे," आई म्हणाली. "मशीनच्या चाकाएवढी. मी खाली बसली का उजेड मांडीवर पडला पाह्यजे."

बाबांना आधी वाटलं, हिला कळलं नाही. म्हणून त्यांनी सगळं पहिल्यापासून समजावलं. चार फुटांची खिडकी एका फुटावर सुरू केली तर ती पाचावर संपते. बाकी सगळ्या सातावर. मग बाहेरून घर चकणं दिसणार, आणि पाचावर त्या एकटीसाठी वेगळी लिंटल टाकावी लागणार. पाऊस आत येणार.

"कुत्रं डोकावन खिडकीतून," बाबा शेवटी म्हणाले.

"डोकावू द्या. त्याले थोडंच ब्लाउज शिवाचं आहे?"

मला हसू आवरेना. बाबांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी उठून चहा ठेवायला गेले. आतून ऐकू येत होतं. बाबांनी तोड काढली होती : पायमशीन घेऊन देतो, तिला टेबल असतं, तू स्टुलावर बसशील, म्हणजे बरोबर तीन फुटांच्या मापात येशील.

आई म्हणाली, "अजी, माणसानं खिडकीच्या मापात याचं का खिडकीनं माणसाच्या?"

बाबा म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू'चा अर्थ तान्ह्या पोरालाही कळे. 'बघू' म्हणजे नाही. आईनं नकाशाची सुरळी करून बाबांच्या हातात दिली आणि मशीन घेऊन दारात जाऊन बसली. मला वाटलं, संपलं. पण वीस वर्षं जी बाई काहीच मागत नाही, तिच्याजवळ न मागितलेल्याचा केवढा साठा असतो, ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

आठवडाभरानं आईनं जाहीर केलं, की मागच्या खोलीची खिडकी तिचा भाऊ देणार आहे. मामाजींचं गाव आलापल्लीच्याही पुढं, भामरागडच्या वाटेवर. धानाची शेती होती आणि आजोबांच्या वेळच्या मोडक्या गोठ्याचे सागवानी खांब घरामागं पडून होते. गावातला वाढई, म्हणजे सुतार, त्यातून चौकट करून देईल. भावानं बहिणीच्या नव्या घराला दिलेली भेट. आता अशी भेट कोणता नवरा परत पाठवील? बाबा नुसते "बरं" म्हणाले. मिस्त्रीला मात्र त्यांनी सांगून ठेवलं, की मागच्या खोलीची ती गल्लीकडची भिंत मध्ये पाच फूट मोकळी सोड, चौकट आली की भरू. वरून लिंटल मात्र सगळ्या घराबरोबर टाकून घेतली. अर्थातच सात फुटांवर.

पावसाळ्यात तिकडचे नाले भरले की गावं तुटतात. वाट मोकळी झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत मला मामाजींकडं पाठवायचं ठरलं. निघायच्या दिवशी आईनं मला समोर बसवलं आणि स्वतःचा हात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत दाखवून म्हणाली, "दोन हात रुंद, तीन हात उंच. ध्यानात ठेव."

"आई, हातानं कुणी मोजतं का आता?"

"वाढई फूट-इंच नाई समजत. हात समजते."

बसस्टँडवर सोडायला बाबा आले. बस सुटता सुटता त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून खिडकीतून माझ्या हातात कोंबली. "वाढयाले दे. अन् आईले सांगू नको." चिठ्ठीवर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात एवढंच होतं : ३ × ४. दोन्ही आकड्यांच्या डोक्यावर फुटाची बारीक तिरपी रेघ. डाव माझ्या लगेच लक्षात आला. चौकट तीन बाय चारची आली, की वर लिंटल तर सातावर पडलेलीच आहे. ती आपोआप तिच्या ठरलेल्या जागी बसणार आणि भेटीच्या मापाला नावं ठेवता येत नाहीत. ना भांडण ना तंटा. सरकारी माणसाचं डोकं.

मी चिठ्ठी परत द्यायला हवी होती. दिली नाही. खरं सांगायचं तर दोघांनीही आपल्यावर भरवसा टाकला याचा मला अभिमानच वाटत होता. दोन्ही डगरींवर हात ठेवून मी आलापल्लीपर्यंत मजेत झोपले.

मामाजींच्या घरी पोचल्या पोचल्या मी आईचा निरोप दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वाढई आला. ताडमाड माणूस, अंगानं काटकुळा आणि हात एवढे लांब की उभा राहिला तर गुडघे खाजवू शकेल. खांब उलटेपालटे करून पाहिले, वास घेतला, खूश झाला. मग उकिडवा बसला.

"माप सांगा."

"बाईनं हातानं सांगतलं आहे," मामाजी म्हणाले आणि थांबले. "दोन का तीन... तीन का चार... किती वो पोरी?"

माझ्या तोंडावर होतं, दोन आणि तीन. पण माझ्या मुठीत चिठ्ठी होती आणि डोळ्यांसमोर बसच्या खिडकीखाली उभे असलेले बाबा. मी मुकाट्यानं चिठ्ठी वाढयाच्या हातात दिली. त्यानं ती निरखली, "तीन अन् चार," म्हणाला आणि टोपीत खोचली. मामी धान कापायला निघाली होती, मी तिच्याबरोबर पळ काढला. दिवसभर बांधावर बसून मी स्वतःला समजावत होते, की एवढं काय त्यात, खिडकी तर खिडकी.

घरी परतल्यावर आईनं विचारलं, "सांगतलं ना हातानं?"

"सांगितलं," मी म्हटलं. आणि ते खोटं नव्हतं, हे त्याहून वाईट.

हिवाळाभर आमचं घर एका भगदाडासकट उभं होतं. बाकीच्या सगळ्या खिडक्या गावातल्याच वर्कशॉपमधून तयार आल्या, एका माळेच्या मण्यांसारख्या, आणि दिवसभरात बसल्या. बाबा संध्याकाळी रस्त्यावर उभे राहून एक डोळा मिटून त्यांची ओळ पाहत आणि समाधानानं मान हलवत. भगदाडावर बांबूचा तट्टा लावला होता. शेजाऱ्यांची बकरी तो पाडून आत यायची आणि सिमेंटच्या पोत्यांवर ऐसपैस बसायची. आई तिला हाकलायची नाही. म्हणायची, "तिले उजेड आवडला असन."

संक्रांतीनंतर मामाजी आले. चौकट एसटीच्या टपावर बांधून आणली होती. बसस्टँडवरून हातगाडीवर घालून ती प्लॉटवर येईपर्यंत मामाजी रस्त्यातल्या नाक्याची कहाणी तिसऱ्यांदा सांगत होते. जंगलातून लाकूड न्यायचं तर पास लागतो. मामाजींजवळ तो होता, शिक्क्यासकट : खिडकीची चौकट, नग एक. नाक्यावरच्या शिपायानं पास वाचला, टपाकडं पाहिलं, पुन्हा पास वाचला.

"मले येडा समजून राह्यला का? हे दार आहे."

"खिडकी आहे साहेब. बहिणीच्या घराले."

"एवढी?"

"गजासाठी भोकं पाडले आहे, पाहा. दाराले गज असते का?"

शिपाई टपावर चढला. भोकं मोजली. तरी पटेना. मग अख्खी बस खाली उतरली आणि जो तो आपलं मत द्यायला लागला. ड्रायव्हरच्या मते दार, कंडक्टरच्या मते खिडकी. शेवटी कोंबड्या घेऊन चाललेल्या एका म्हातारीनं निकाल दिला, "त्याची बहीण मोठ्या घरी देल्ली असन. मोठ्या लोकाईच्या खिडक्या मोठ्याच राह्यते." शिपायाला ते पटलं आणि बस सुटली.

कहाणीला मी हसत होते, पण नजर हातगाडीवरच्या त्या धुडावरून हलत नव्हती. हे दोन बाय तीन हातही नव्हतं आणि तीन बाय चार फूटही नव्हतं. मिस्त्रीनं आणि मामाजींनी ते भिंतीला टेकवून उभं केलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं घरापेक्षा चौकट जड दिसत होती. सागवान मात्र अस्सल. मधासारखा रंग, आणि जोड असे की नख शिरेना.

बाबा जेवणाच्या सुट्टीत सायकल दामटत आले. चौकट पाहिली. स्टँड लावायचं विसरले, सायकल आडवी पडली.

"ही कोणाची आहे?"

"तुमचीच, भाऊजी," मामाजी म्हणाले.

बाबांनी टेप लावला. रुंदी साडेचार फूट. उंची सहा. पुन्हा लावला. तेवढीच. "अरे, पण मी तर तीन बाय चार लिहून—" म्हणाले आणि जीभ चावली.

आई वळली. "कुठी लिहून?"

कुणी काही बोललं नसतं तर कदाचित निभावलं असतं. पण मामाजींसारखा सरळ माणूस दुसरा नाही. त्यांनी बंडीच्या खिशातून चिठ्ठी काढून पुढं केली. "हा काय तुमचा कागद. वाढयानं परत देल्ला. लय इज्जतीनं ठेवला होता त्यानं. म्हणे, बाईनं हात सांगतला, भाऊनं आकडा धाडला. म्हणे, बाईचा हात, भाऊचा आकडा, दोघाईचा मान राखला."

आणि राखला होताच. आकड्यांच्या डोक्यावरच्या त्या रेघा त्याला बाबांच्या अक्षराचं वळण वाटल्या असतील. त्यानं कोपर खांबाला लावून आपल्या स्वतःच्या हातानं तीन हात आडवे मोजले, चार हात उभे. आपला हात जगन्नाथ. त्याचा एकेक हात भरला दीड फूट.

आईनं आधी बाबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला अचानक विटांमध्ये फार रस वाटायला लागला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती सिमेंटच्या पोत्यावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "वीस वर्ष मी सरकली. ज्यानं म्हटलं त्याच्यासाठी सरकली. मले वाटलं, स्वतःच्या घरात तरी एक जागा असन जिथून मले कोणी उठवणार नाई. त्याच्यासाठी तुम्ही पोरीच्या हातून चिठ्ठी धाडली?"

मला लाज वाटली. हात दाखवून अवलक्षण करून घेतात ते असं. मामाजींना कळेना की आपण काय केलं, ते बिचारे चौकटीवरची धूळ पुसायला लागले.

शेवटी मिस्त्री बोलला. तो रायपूरकडचा होता, आमच्या भांडणांशी त्याला देणंघेणं नव्हतं आणि त्याला मसाला वाळायची काळजी. "साहब, खडा करके देखें?"

बाबांनी नुसता हात हलवला. मिस्त्रीनं आणि मामाजींनी ती चौकट उचलून भगदाडात उभी केली. रुंदीला दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं जागा उरली. मग ती उचलून वर नेली, पार लिंटलला भिडेपर्यंत, आणि खाली विटांचे थर लावून टेकवली. मिस्त्री मागं सरला.

बाबा जागचे हलले. जवळ गेले, वर हात लावून पाहिला. चौकटीचं डोकं लिंटलला चिकटून, शेजारच्या दाराच्या ओळीत. मग खाली वाकले आणि काठापासून जमिनीपर्यंत टेप धरला. एकदा. दुसऱ्यांदा. मग ते तिथंच मातीत बसले.

"सातातून सहा गेले," ते म्हणाले.

"काय म्हणता?" आईनं विचारलं.

"एक. एक फूट राह्यला वो. तुझा एक फूट."

आणि ते हसायला लागले. एवढे, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. वाढयानं त्यांची लिंटल मोडली नव्हती आणि आईचा फूट तिला दिला होता. साहेबांच्या ऑफिसातल्या कुणाला जमलं नसतं ते त्यानं एका हातात जमवलं होतं. आई हसली नाही. ती उठली, पदर खोचला, त्या खडी-मातीच्या जमिनीवर चौकटीला डावी बाजू करून मांडी घालून बसली आणि दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवले. दुपारचा उजेड सरळ तळव्यांवर पडला. ती ते पाहत राहिली. मग म्हणाली, "पक्की करा."

घोडं गंगेत न्हालं. मला मात्र तिनं आठवडाभर काजं करायला बसवलं, सोळा ब्लाउजची काजं, आणि त्याबद्दल मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

उन्हाळ्यात आम्ही राहायला गेलो. भंतेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, खीर झाली. आलेल्या प्रत्येकानं बुद्धमूर्तीला वंदन केलं आणि मग मागच्या खोलीत जाऊन खिडकी पाहिली. लहान पोरं तर दार सोडून तिच्या काठावरच बसली. पावसाळ्यात पाणी आत येईल म्हणून बाबांनी वरचा छज्जा अडीच फुटांचा केला, जो कोणत्याही सरकारी मापात बसत नव्हता. पण त्याबद्दल त्यांना कुणी छेडलं नाही. कुत्रं खरंच डोकावलं. दुपारी काठाबाहेरच्या सावलीत येऊन झोपायचं आणि मशीन थांबली की मान वर करून पाहायचं. बाया ब्लाउजचं कापड गजांतूनच आत द्यायच्या, मापही बाहेर उभ्या राहून सांगायच्या. पोस्टमन पत्र तिथंच टाकायचा. घरात माणसं दारानं यायची-जायची आणि त्यांच्यासाठी आईचं चाक एकदाही थांबायचं नाही. रस्त्यावरून कुणी विचारलं, की भाऊ, ही एकच एवढी मोठी का, तर बाबा म्हणत, "ती मापाची आहे. बाकीच्या रेडीमेड."

मला वाटायचं, ते लोकांसमोर बाजू सावरून घेतात. वर्षभरानं कळलं, तसं नव्हतं.

एक दिवस ते ऑफिसातून आले ते बगलेत नकाशाची सुरळी घेऊन. हातपाय धुतले नाहीत, चहा मागितला नाही. सरळ मागच्या खोलीत गेले आणि आईच्या मशीनसमोर तो कागद जमिनीवर पसरला. आईनं चाक थांबवलं. मी दाराशी होते. शिपायांच्या नव्या क्वार्टरचा नकाशा होता, बारा घरांची चाळ. दर घराला दोन खोल्या.

"हे मागची खोली," बाबा बोट ठेवून म्हणाले. "अन् हे खिडकी. पाह्य. सहा फूट उंच. लिंटल सातावर, खाली एक फूट." त्यांचं बोट कागदावरून सरकत गेलं, घरामागून घर. "बाराही घराले काढली."

आई कागदावर वाकली. तिला नकाशा वाचता येत नव्हता, पण लाल पेन्सिल दिसत होती. बारा खिडक्या, बारा लाल फुल्या.

"हे लाल का आहे?"

"साहेबानं काटल्या. म्हणे, मापात नाई. तीन बाय चार कर."

मग तिनं एकेका फुलीवर बोट टेकवलं, जशी ती कापलेले तुकडे मोजायची तसं, पहिल्यापासून शेवटापर्यंत.

"मंग बारा बाया दारात बसतीन," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. मग त्यांनी कागदाची सुरळी केली आणि खिशातली पेन्सिल काढून तिचं टोक पाहिलं.

"पुन्हा काढतो," ते म्हणाले. "काटू दे त्याले."